दोन मार्कांच्या पलीकडचं केडगाव

'शारदा सदनची स्थापना कोणी केली?' स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही ग्रुपवर हा प्रश्न पडला की दहा जण एका दमात उत्तर टाकतात : पंडिता रमाबाई. वर्ष १८८९, ठिकाण मुंबई. झालं, दोन मार्क खिशात! पण पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव नावाचं स्टेशन लागतं, तिथल्या माळावर रमाबाईंनी उभं केलेलं 'मुक्ती मिशन' आजही सुरू आहे, हे त्या दहांपैकी कितींना माहीत असतं?

रमाबाईंची गोष्ट उपासमारीपासून सुरू होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळात लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. कुटुंब गावोगाव पुराण सांगत फिरायचं. १८७०च्या दशकात दुष्काळ पडला आणि वडील, आई, मोठी बहीण एकामागून एक गेली. पुराणांचे हजारो श्लोक तोंडपाठ, पण चार पैसे मिळवून देईल असं एकही काम येत नव्हतं, हे रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. माझ्या मते केडगावचं सगळं काम समजून घ्यायची किल्ली इथे आहे.

पुढचं थोडक्यात. १८७८मध्ये कलकत्त्याला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, मग लग्न, एक मुलगी आणि १८८२मध्ये वैधव्य. १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथेच ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अमेरिकेत व्याख्यानं देऊन पैसे उभे केले, परत आल्या आणि विधवांसाठी शारदा सदन काढलं. ते पुढे पुण्याला हललं.

आता तो प्रश्न, जो आज कॅम्पसवर हा विषय काढला की पहिल्यांदा येतो : 'धर्मांतरासाठीच ना हे सगळं?' प्रश्न नवा नाही आणि चुकीचाही नाही. १८९३मध्ये यावरूनच पुण्यात रान पेटलं होतं. सदनातल्या काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातायत म्हणून 'केसरी'ने झोड उठवली, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कोणावर सक्ती करत नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या वेळी दारही लावून घेणार नाही. उपाशी, निराधार मुलीसाठी 'सक्ती नाही' या शब्दांना कितीसा अर्थ असतो, हे विचारायलाच हवं. केडगाव तर पुढे उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच वाढलं.

पण दुसरा प्रश्नही विचारू या : तेव्हा त्या मुलींकडे दुसरं कोण जात होतं? १८९६मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तिथल्या मदत छावण्यांमध्ये अनाथ मुली आणि तरुण विधवांचे काय हाल चाललेत, त्यांचा कोण कसा फायदा घेतंय, हे रमाबाईंनी जाऊन पाहिलं आणि शेकडो मुली सोबत आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचं सावट. मग केडगावला घेतलेल्या शेतावर झोपड्या आणि तंबू पडले. १८९८मध्ये मुक्ती सदन रीतसर सुरू झालं. १९००च्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींचा आकडा दीड हजाराच्या वर गेला. जात कुठली, हे कोणी विचारत नव्हतं.

एवढ्या जणींना नुसतं जेवू घालून भागणार नव्हतं. शेती, दुभती जनावरं, विणकाम, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना असं सगळं सुरू झालं आणि ते बायकाच चालवत होत्या. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली आणि अंध मुलींची शाळा सुरू झाली. समाजाने 'वाया गेलेली' ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं, त्याची छपाई याच छापखान्यात झाली. ज्या बाईला एके काळी अक्षर वाचता येत नव्हतं, ती आता खिळे जुळवत होती.

एक गंमत पाहा. शारदा सदनची पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. हिंदू घरातच राहिलेल्या या बाईने पुढे कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमासाठी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली. तोच आश्रम हिंगण्याला वाढला, आणि कर्व्यांच्या याच कामातून १९१६मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं, म्हणजे आजचं एसएनडीटी. एका ख्रिस्ती बाईच्या सदनातून निघालेला हा धागा कुठपर्यंत गेला बघा! गोदूबाईंचं, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांचं, 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लायब्ररीत मिळालं तर सोडू नका.

रमाबाई १९२२मध्ये गेल्या. हातात काम असल्याशिवाय आसरा पुरत नाही, ही त्यांची अडचण मात्र आजही तशीच आहे. बालगृहातल्या मुलाला अठरा पूर्ण झाले की बाहेर पडावं लागतं. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची सोय आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षणाचा निर्णय घेतला. त्यासाठी अनाथ असल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवायला फाइल घेऊन खेटे घालावे लागतात. ज्याच्यासोबत यायला घरचं कुणी नाही, त्याने ते एकट्यानेच घालायचे. बारावीचा निकाल, हॉस्टेलची शोधाशोध आणि हे खेटे, सगळं एकाच वेळी.