भट्टी पनवेलची, अनुदान दिल्लीचे

धातू, सिरॅमिक, काच, पॉलिमर, अर्धवाहक अशा घन पदार्थांची आतील रचना, ते घडवण्याची रीत आणि त्यांच्या अंगी येणारे गुणधर्म यांचा संबंध शोधणाऱ्या शास्त्राला सामग्रीविज्ञान म्हणतात. रासायनिक सूत्र तेच असूनही अणूंची मांडणी बदलली की लोहाचा ऑक्साइड एकीकडे भिंतीच्या तांबड्या रंगात जातो आणि दुसरीकडे जुन्या ध्वनिफितींवर आवाज साठवणारा चुंबकीय लेप होतो. ही मांडणी हवी तशी कशी आणायची, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न. पनवेल परिसराला हा प्रश्न परका नाही. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत अॅल्युमिनियमचे पत्रे लाटले जातात, पाताळगंगेच्या काठी रसायनांचे आणि कृत्रिम धाग्यांचे कारखाने उभे आहेत, आणि खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. याच परिसरात चांगू काना ठाकूर महाविद्यालय, रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय, पिल्लई संस्थेची महाविद्यालये अशा ठिकाणी हजारो विद्यार्थी विज्ञान आणि अभियांत्रिकी शिकतात. कारखाना आणि अणुकेंद्र यांच्या मधोमध असलेल्या अशा महाविद्यालयातील प्राध्यापकाला संशोधनासाठी सरकारी पैसा कसा मिळतो, आणि मिळाल्यावर तो कोठे अडतो, हे सर्वसामान्य वाचकाला फारसे ठाऊक नसते.

सरकारचा पैसा संशोधनाकडे दोन वाटांनी येतो. पहिली वाट संस्थात्मक अनुदानाची: यात संपूर्ण संस्थेचे वेतन, इमारत, वीज आणि उपकरणे यांचा भार सरकार दरवर्षी उचलते. नवीन पनवेलमध्ये मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ही याच प्रकारची. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेच्या परंपरेतून ती घडली, मुंबईतील ट्राम विजेवर चालणार म्हणून चुंबकीय नोंदी १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आल्या, १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली आणि आज ती केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर चालते. दुसरी वाट प्रकल्प अनुदानाची: यात एखादा संशोधक, ज्याला प्रमुख संशोधक म्हणतात, ठरावीक प्रश्न, ठरावीक मुदत आणि खर्चाचा अंदाज मांडतो, तज्ज्ञ त्याची छाननी करतात आणि मंजूर रक्कम त्याच्या संस्थेकडे हप्त्याहप्त्याने येते. महाविद्यालयांना पहिली वाट बंद असते, कारण राज्य सरकारकडून त्यांना मिळणारे वेतन अनुदान शिकवण्यासाठी असते. त्यामुळे त्यांचे संशोधन जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या वाटेवर अवलंबून राहते.

या दुसऱ्या वाटेची व्यवस्था गेल्या काही वर्षांत बरीच बदलली आहे. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्पांमुळे तालुक्याच्या गावातील प्राध्यापकालाही थोडीफार रक्कम मिळत असे. २००८ च्या कायद्याने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे सर्ब, स्थापन झाले आणि मूलभूत विज्ञानाचे बहुतेक प्रकल्प त्याच्याकडे गेले. २०२३ मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झाले. पंतप्रधान या प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष आहेत. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याची योजना आखताना त्यातील सुमारे १४,००० कोटी सरकार देईल आणि उरलेले उद्योग, दानशूर संस्था व अन्य स्रोतांतून येतील असे धरण्यात आले. या आकड्यांकडे देशाच्या एकूण खर्चाच्या चौकटीत पाहावे लागते: २०२०-२१ मध्ये भारताने संशोधन व विकासावर सुमारे १,२७,३८१ कोटी रुपये खर्च केले, तरी सकल देशांतर्गत उत्पादनाशी त्याचे प्रमाण केवळ ०.६४ टक्के होते. त्याच सुमारास चीनमध्ये हे प्रमाण सुमारे २.४ टक्के आणि दक्षिण कोरियात सुमारे ४.८ टक्के होते. सामग्रीविज्ञानापुरते पाहिले तर २००७ मध्ये पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झालेल्या नॅनो मिशनचा वाटा मोठा आहे, कारण देशातील अनेक विद्यापीठांत अतिसूक्ष्म कणांवरचे संशोधन त्या पैशावर रुजले.

पैसा नेमका कशाला लागतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत हमखास हाताळला जाणारा पदार्थ म्हणजे फेराइट; लोह आणि कोबाल्ट, निकेल किंवा जस्त यांच्या या ऑक्साइडचा उपयोग ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यापासून सूक्ष्मलहरींच्या उपकरणांपर्यंत होतो. निसर्गातील मॅग्नेटाइट हे खनिज याच कुळातले आणि त्याच रचनेचे आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये त्याच्याच जवळचे टायटॅनियमयुक्त खनिज असते, आणि त्यात टिकून राहिलेले प्राचीन चुंबकत्व मोजणे हा भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांचा विषय आहे. कोबाल्ट फेराइट तयार करायला फार खर्च येत नाही. लोह आणि कोबाल्ट यांचे नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात सायट्रिक आम्ल घातले आणि मिश्रण तापवत ठेवले की ते दाट होऊन जेल बनते, मग आपोआप पेट घेते आणि मागे काळपट भुकटी उरते. ती सुमारे ६०० ते ९०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजली की फेराइट तयार होते. हॉट प्लेट, भट्टी, वजनकाटा आणि रसायने एवढी सामग्री बहुतेक पदव्युत्तर विभागांत असते. अडचण पुढे येते, कारण जे तयार झाले ते कोबाल्ट फेराइटच आहे, त्याच्या कणांचा आकार किती आणि चुंबकत्व किती, हे मोजून दाखवल्याशिवाय ते शोधनिबंधात मांडता येत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन यंत्र, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि चुंबकमापक लागतात, ज्यांची किंमत कित्येक लाखांपासून कोटीच्या पुढे जाते. भट्टी लाखाच्या आत येते आणि मोजमापाचे यंत्र कोटीत जाते, ही दरी समजली की महाविद्यालयीन संशोधनाचे निम्मे अर्थशास्त्र समजते.

या दरीला महाराष्ट्रातील एका विद्यापीठाने फार सर्जनशील उत्तर दिले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभागाने पातळ थरांच्या संशोधनात जे नाव मिळवले, ते मुख्यतः स्वस्त रासायनिक रीतींच्या बळावर. अर्धवाहकाचा पातळ थर काचेवर चढवण्यासाठी मोठ्या संस्था निर्वात कक्ष आणि महागडे पंप वापरत असताना तेथे रासायनिक स्नान, म्हणजे क्षारांच्या कोमट द्रावणात काचपट्टी बुडवून ठेवणे, आणि फवारा रीत, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावणाचे तुषार सोडणे, या पद्धती काटेकोर करण्यावर भर दिला गेला. काचपट्टी आळीपाळीने दोन द्रावणांत आणि दरम्यान पाण्यात बुडवून थरावर थर चढवण्याची सिलार नावाची रीतही तेथे विकसित होत गेली. चंद्रकांत लोखंडे, प्रमोद पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतींवर लिहिलेले आढावा लेख जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरले जातात. ही साधी उपकरणे स्थानिक कारागिराकडून बनवून घेता येतात, आणि त्या रीती शिकलेले विद्यार्थी राज्यातील महाविद्यालयांत प्राध्यापक म्हणून गेल्यामुळे ही विद्या दूरवर पसरली. मात्र थर चढवण्याचा खर्च कमी झाला तरी तो मोजण्याचा खर्च कमी झाला नाही. कोल्हापूरला केंद्र सरकारच्या विभागबळकटीकरण योजनांतून उपकरणे उभी करता आली, कारण तो विद्यापीठाचा विभाग होता. संलग्न महाविद्यालयाला तेवढी झेप घेता येत नाही.

पनवेलच्या बाबतीत भूगोल मात्र मदतीला येतो. हार्बर मार्गाच्या लोकलने मानखुर्द-गोवंडीपर्यंत गेले की ट्रॉम्बे जवळ आहे आणि पवईही एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. पवईच्या आयआयटीत विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने १९७६ पासून विश्लेषक उपकरणांचे केंद्र चालते, जेथे बाहेरचा संशोधक शुल्क भरून आपला नमुना तपासून घेऊ शकतो. देशातील कोणत्या संस्थेत कोणते उपकरण आहे आणि ते कधी मोकळे आहे हे सांगणारे आय-स्टेम नावाचे संकेतस्थळही २०२० पासून आहे. याहून मोलाची सोय म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचा संयुक्त संशोधन संघ, ज्याचे मुंबई केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे आणि जो १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ध्रुव अणुभट्टीतील न्यूट्रॉन विद्यापीठे आणि महाविद्यालयांच्या संशोधकांना उपलब्ध करून देतो. कोबाल्ट फेराइटच्या अभ्यासात याला विशेष महत्त्व आहे: लोह आणि कोबाल्ट आवर्तसारणीत शेजारी असल्याने क्ष-किरणांना त्यांतला फरक जेमतेम दिसतो, पण न्यूट्रॉनला तो ठळक दिसतो आणि शिवाय प्रत्येक अणूचे चुंबकत्व कोणत्या दिशेला आहे हेही उमगते. लाखाच्या आत येणाऱ्या भट्टीत भाजलेली भुकटी खाडीपलीकडच्या अणुभट्टीत तपासता यावी, अशी संधी देशातील फार थोड्या तालुक्यांना आहे.

ही संधी वापरायची तर प्राध्यापकाला वेळ आणि प्रवासखर्च दोन्ही लागतात, आणि त्यासाठी सर्बने आखलेली टेअर ही योजना महाविद्यालयांच्या दृष्टीने सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागते. तिच्यात महाविद्यालयातील कायम प्राध्यापक आपली नोकरी सांभाळून वर्षातील सुमारे ९० दिवस आयआयटीसारख्या प्रतिष्ठित संस्थेत, शक्यतो जवळच्या, काम करतो. त्याला वर्षाला ६०,००० रुपये आणि संशोधनासाठी ५ लाख रुपये मिळतात आणि ते दोन्ही संस्थांत वापरले जातात. २०२२ च्या सुमारास आलेल्या शुअर योजनेत राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालये यांतील संशोधकांसाठी तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत अनुदान ठेवले गेले. या रकमा आयआयटीच्या मोजमापाने लहान असल्या, तरी त्या मिळाल्यावर महाविद्यालयातील विभागाचा चेहरामोहरा पालटतो.

मंजुरीनंतरची वाट मात्र खडतर आहे. पहिला हप्ता खर्च झाल्याशिवाय आणि त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा मंजूर कामावरच खर्च झाल्याचे लेखापरीक्षित प्रमाणपत्र, दिल्लीला पोहोचल्याशिवाय दुसरा हप्ता सुटत नाही. अलीकडच्या शून्य शिल्लक खात्यांच्या पद्धतीत रक्कम देयकाच्या क्षणापर्यंत सरकारी तिजोरीतच राहते आणि ३१ मार्चपर्यंत न वापरलेला पैसा परत जातो, त्यामुळे जानेवारीत मंजुरी मिळालेल्या प्राध्यापकाला दोन-अडीच महिन्यांत निविदा, खरेदी आणि देयक उरकावे लागते. प्रयोग मात्र आर्थिक वर्षाच्या हिशेबाने पुढे सरकत नाहीत. करांचा भारही वाढला आहे. संशोधन संस्थांनी घेतलेल्या वैज्ञानिक उपकरणांवरील वस्तू व सेवा कराचा ५ टक्क्यांचा सवलतीचा दर जुलै २०२२ मध्ये काढून घेण्यात आला आणि १८ टक्के दर लागू झाला, म्हणजे १० लाखांच्या उपकरणावर पूर्वी ५० हजार कर होता तो १ लाख ८० हजार झाला. सरकारने एका हाताने दिलेल्या अनुदानातला हा भाग सरकारकडेच परत जातो आणि तेवढी रसायने किंवा तेवढे नमुने कमी होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने संशोधन अनुदानांवर कर न आकारण्याचा निर्णय घेतला, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. जून २०२५ मध्ये केंद्रीय वैज्ञानिक विभागांच्या संस्थांसाठी दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख आणि खरेदी समितीमार्फत होणाऱ्या खरेदीची मर्यादा १० लाखांवरून २५ लाख करण्यात आली. तीच मोकळीक महाविद्यालयातील लहान प्रकल्पांना निःसंदिग्धपणे मिळायला हवी, कारण खरेदी विभागातील अनुभवी कर्मचारीवर्ग त्यांच्याकडे नसतो.

प्रकल्पाचे खरे काम करणारा असतो तो संशोधनवृत्तीधारक विद्यार्थी. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधनवृत्ती दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये झाली. ही वाढ आवश्यकच होती. तथापि दोन वर्षे पहिल्या दराने आणि तिसऱ्या वर्षी दुसऱ्या दराने धरली तर एका विद्यार्थ्यावर घरभाड्याशिवाय १३ लाख ९२ हजार रुपये लागतात, म्हणजे ३० लाखांच्या प्रकल्पातून असा विद्यार्थी घ्यायचा झाल्यास जवळजवळ निम्मी रक्कम तेथेच संपते. उपकरण चालवणाऱ्या तंत्रज्ञासाठी तर बहुधा तरतूदच नसते आणि प्रकल्पाची मुदत संपल्यावर देखभालीचा करार कोणी करायचा, हा प्रश्न महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाकडे येतो. व्हॅक्यूम पंपाचे तेल किंवा क्ष-किरणनलिका बदलण्याएवढा निधी नसल्याने चांगले यंत्र बंद पडावे, हे सार्वजनिक पैशाचे नुकसान आहे, आणि ते लेखापरीक्षणाच्या तक्त्यात दिसत नाही.

प्रतिष्ठानाने आता पेअर नावाची योजना आणली आहे, जिच्यात संशोधनात पुढारलेली एक संस्था केंद्रस्थानी राहून तिच्याभोवतीच्या इतर संस्थांना मार्गदर्शन आणि उपकरणे पुरवते. पहिल्या टप्प्यात या भोवतालच्या संस्था म्हणून केंद्रीय आणि राज्य सार्वजनिक विद्यापीठे, निवडक राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि माहिती तंत्रज्ञान संस्था यांचाच विचार झाला, म्हणजे पनवेलमधील महाविद्यालयाला मुंबई विद्यापीठाच्या आधारानेच त्यात जागा शोधावी लागेल. पुढच्या टप्प्यात संलग्न महाविद्यालयांना थेट प्रवेश, प्रत्येक केंद्राकडे बाहेरच्या नमुन्यांसाठी राखून ठेवलेले यंत्राचे दिवस, आणि जिल्ह्यातील चार-पाच महाविद्यालयांसाठी मिळून एक कायम तंत्रज्ञ, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तर त्यांचा खर्च एका मोठ्या उपकरणाहून कमी होईल. आणि पनवेल ते ट्रॉम्बे हा नमुन्याचा प्रवास आज एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक ओळखीवर अवलंबून असतो, तो रीतसर वेळापत्रकाने होऊ लागेल.