नेपाळच्या यात्रेत फोन

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून पुष्कळ माणसे यात्रेला जातात. काशी करतात, अयोध्या करतात. कोणी पुढे गोरखपूरवरून सोनौलीला जातात. तिथे देशाची हद्द. ती ओलांडली की नेपाळ. मग पशुपतिनाथ.

हद्द ओलांडली आणि फोन मुका झाला, असे पुष्कळांचे होते. फोन बिघडला का? नाही. गाव बदलले!

समजा, तुम्ही परगावी राहिलात. तिथल्या गिरणीवाल्याने दळण दळून दिले आणि पैसे तुमच्या गावच्या गिरणीवाल्याकडून घेतले. दोघांचे आधी बोलणे झाले असेल, तरच हे जमेल. होय ना? फोनचेही तसेच. नेपाळात आपल्या कंपनीचा टॉवर नाही. तिथला टॉवर आपले काम करतो आणि हिशोब आपल्या कंपनीकडे पाठवतो. यालाच रोमिंग म्हणतात.

हे परके दळण महाग पडते, बरं का. म्हणून घर सोडण्याआधीच कंपनीच्या दुकानात जा. ‘नेपाळसाठी रोमिंगचा पॅक द्या’ म्हणा. किती दिवस, किती नेट, बोलायला किती मिनिटे, आणि तिथल्या कोणत्या कंपनीवर चालेल, हे चारही विचारा. कागदावर लिहून घ्या. आता लिहिता येते ना तुम्हाला!

पॅक नसेल, तर फोनमधले ‘डेटा रोमिंग’ बंदच ठेवा. हद्दीजवळ मोठी गंमत होते. आपण उभे आपल्याच देशात, पण पलीकडचा टॉवर जवळ पडला की फोन त्यालाच जाऊन चिकटतो. नेट सुरू असले तर पैसे तिकडे जातात.

पॅक असेल, तर पलीकडे गेल्यावर ‘डेटा रोमिंग’ चालू करा. तरी नेट येत नाही? फोन बंद करून पुन्हा लावा. तेवढ्याने भागले नाही, तर सेटिंगमध्ये जाऊन कंपनी आपल्या हाताने निवडा. नेपाळात एनटीसी आणि एनसेल या मोठ्या कंपन्या आहेत. कागदावर जिचे नाव असेल, ती घ्या. घरी फोन लावताना नंबरापुढे +91 लावा.

व्हिडिओ पाहू नका. नेट भराभर संपते.

नुसत्या व्हॉट्सॲपवर विसंबू नये. 4 सप्टेंबर 2025 ला नेपाळ सरकारने व्हॉट्सॲप, फेसबुक बंद करायला सांगितले. 8 तारखेला रात्री बंदी उठली. अशा वेळी साधा फोन कामी येतो. म्हणून पॅकमध्ये बोलायची मिनिटे हवीतच.

डोंगरात मात्र पॅक असूनही रेंज जाते. 23 ऑगस्ट 2024 ला जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांगदी नदीत कोसळली. 25 च्या वर माणसे गेली. अशी बातमी आली की यात्रेला गेलेल्या प्रत्येकाच्या घरी जीव टांगणीला लागतो. म्हणून घाटात शिरण्याआधीच घरी कळवा : ‘आता निघालो. रात्री अमक्या गावी पोचू. तोवर फोन लागणार नाही.’ गाडीचा नंबर आणि यात्रा नेणाऱ्याचा फोन नंबरही घरी लिहून ठेवा.