परिषदेतल्या लहान बैठका

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते, तपासता येते, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते आणि बदललेली इतरांस देता येते असे सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा करून या विचाराला संघटित रूप दिले. आणि त्याच वर्षी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगावी, श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही. परंतु शेगाव, चिखली, मलकापूर येथे अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींनी लिनक्ससारख्या प्रणाली नुसत्या वापराव्यात असे नव्हे, तर त्यांच्या घडणीसही हात लावावा असे ज्यांस मनापासून वाटते, त्यांनी या चळवळीच्या परिषदा कशा भरतात, आणि विशेषतः त्यांतील लहान, अनौपचारिक बैठकांची तजवीज कशी होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मुक्त सॉफ्टवेअर घडवणारी माणसे बहुधा एकमेकांपासून शेकडो कोस दूर राहतात; वर्षभर त्यांचा व्यवहार संगणकाच्या द्वारे, लेखी होतो; आणि लेखी वादविवादात ज्या मतभेदाचा निकाल महिनोन्‌महिने लागत नाही, तो समोरासमोर बसल्यावर पुष्कळदा अर्ध्या तासात लागतो. डेबियन या प्रणालीचे स्वयंसेवक २००० साली फ्रान्समधील बोर्दो येथे पहिल्या परिषदेसाठी जमले, आणि २०२३ च्या सप्टेंबरात कोची येथे ती परिषद भारतात प्रथमच भरली. या परिषदांच्या वेळापत्रकात व्याख्यानांच्या बरोबरीने समानविषयी माणसांच्या बैठका असतात. त्यांना तेथील मंडळी ‘बॉफ’ म्हणतात. महाराष्ट्रातही पुण्याच्या सिम्बायोसिस संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ वर्षानुवर्षे भरली, मुंबईच्या आयआयटीत २०१६ साली डेबियनची छोटी परिषद झाली. तेव्हा हा प्रकार आपल्याला सर्वस्वी परका नाही.

अशा बैठकीत वक्ता नसतो, निमंत्रक असतो. त्याने विषय एका वाक्यात लिहून फलकावर लावायचा, ज्यांना यायचे त्यांनी खाली नावे नोंदवायची, आणि चालकांनी त्याच विषयाचे दुसरे व्याख्यान त्याच वेळी येणार नाही याची खातरजमा करून खोली मुक्रर करायची, इतकाच काय तो बाह्य बंदोबस्त. पंधरा-वीस खुर्च्या वर्तुळाकार मांडाव्यात. पडदा व चित्रफिती शक्यतो नकोतच, कारण पडदा उजळला की माणसे बोलायची थांबून पाहू लागतात. निमंत्रकाने दोन-तीन मिनिटांत प्रश्न मांडून गप्प बसावे, आणि जो अधिक बोलतो त्याला सौम्यपणे थांबवून जो बोललाच नाही त्याच्याकडे वळावे. त्याच्याइतकेच महत्त्व मी टिपणिसाला देतो. सर्वांना एकाच वेळी पाहता व दुरुस्त करता येईल अशा सामायिक संगणकीय वहीत तो मजकूर उतरवीत जातो, आणि बैठक बरखास्त होण्यापूर्वी कोणी कोणते काम कोणत्या मुदतीत अंगावर घेतले याची यादी वाचून दाखवतो. ही यादी नसेल तर उत्तम चर्चाही जेवणाच्या सुटीपर्यंत विरून जाते.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’ या संस्थेचा अनुभव येथे उद्बोधक आहे. यशस्वी ‘बॉफ’ कसा घ्यावा याविषयी तिने २००९ साली एक टिपण प्रसिद्ध केले. पूर्वतयारी झालेली असावी आणि प्रश्न नेमका असावा, यावर त्याचा सारा भर. पुढे २०१२ साली दुसरे टिपण काढावे लागले, कारण वेळापत्रकाबाहेरच्या, मित्रमंडळींत व्हायच्या बैठकाही हळूहळू मोठ्या दालनांत, भाषणांसह होऊ लागल्या होत्या आणि अधिकृत सभांपासून त्या वेगळ्या ओळखूही येईनात. त्यांनी पुन्हा साध्या, घरगुती वातावरणात यावे असे त्यात सुचवले आहे. शेगावहून पंढरपुरास पायी जाणारी पालखी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातले मर्म सहज उमगेल: वारीचा अफाट समुदाय चालतो तो दिंड्यादिंड्यांत विभागून, जिथे प्रत्येकाला आपल्या शेजारच्याचे नाव ठाऊक असते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर या लहान बैठकांचे मोल भाषेमुळे दुणावते. इंग्रजी व्याख्यानानंतर भरल्या सभागृहात हात वर करण्याचे धाडस खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला सहसा होत नाही. दहा जणांच्या मराठी बैठकीत तोच विद्यार्थी बोलतो, आणि कित्येकदा असे बोलतो की जाणत्यांनी टिपून घ्यावे. विषयांना तोटा नाही. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ‘र’ पडद्यावर नीट उमटण्यासाठी कोणती संकेतचिन्हे कोणत्या क्रमाने लिहायची, ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी वळणे युनिकोडमध्ये एकाच क्रमांकाखाली असल्यामुळे मराठी वळण दाखवण्याचे काम टंकाकडे म्हणजे फॉन्टकडे येते, ते ‘लोहित’सारखे मुक्त टंक कसे पार पाडतात, आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी पाठ आपल्या महाविद्यालयांत कसे वापरावेत. यांतला कोणताही प्रश्न तीनशे श्रोत्यांपुढे मांडला तर नीरस ठरेल. ज्यांना त्याची रोज अडचण होते अशा आठ जणांपुढे तो जिवंत असतो.

शेगाव आणि मलकापूर ही दोन्ही स्थानके मुंबई–नागपूर लोहमार्गावर आहेत, तेव्हा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मिळून शेगावी एक दिवसाची परिषद भरवणे मुळीच दुष्कर नाही. सकाळी दोन व्याख्याने पुरेत. दुपार सर्वस्वी बैठकांकरिता राखावी, आणि त्यांतही दोन खोल्या अशा ठेवाव्यात की ज्यांचे विषय आधी कोणी ठरवलेले नसतील, आलेल्यांनीच सकाळच्या चहाच्या वेळी फलकावर लिहायचे. टिपणीस मात्र आठवडाभर आधीच नेमावेत, आणि ते शक्यतो पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी असावेत. जो लिहून घेतो त्याला प्रत्येक मुद्दा समजून घ्यावाच लागतो, आणि न समजलेले विचारण्याचा हक्कही त्यालाच सर्वांत आधी पोहोचतो.