वॉटरबर्गनंतर काय झालं?

११ ऑगस्ट १९०४. आजच्या नामिबियात, वॉटरबर्गच्या लढाईत जर्मन वसाहतवाद्यांकडून हरलेले हेरेरो लोक बायकापोरं आणि गुरंढोरं घेऊन ओमाहेके वाळवंटात शिरले.

जर्मन सेनापती लोथार फॉन ट्रोथाने पाणवठे अडवले. २ ऑक्टोबरला तर फर्मानच काढलं: जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घाला! हजारो माणसं तहानेने तडफडून मेली. वाचलेल्यांच्या वाट्याला शार्क बेटासारख्या छळछावण्या आल्या. मृतांच्या कवट्या 'संशोधना'साठी जर्मनीला गेल्या. त्या खरवडून साफ करायला लावल्या कैदी बायकांनाच. काही कवट्या परतल्या, त्याही २०११पासून.

२०२१मध्ये जर्मनीने वंशसंहार मान्य केला. ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ केले, पण विकासनिधी म्हणून. वाटाघाटींत आम्हाला थेट स्थानच नव्हतं, असं म्हणत अनेक हेरेरो नेत्यांनी आणि याच संहारात बळी पडलेल्या नामा समाजाच्या नेत्यांनी तो करार नाकारला. रास्तच.

आणि तेव्हा हिरावलेली जमीन? नामिबियातल्या व्यापारी शेतजमिनीची बहुतांश मालकी आजही गोऱ्यांकडेच आहे.