संधिवातासह जगताना : भाग ७ – आवणीच्या दिवसांतले हात

मागच्या भागात आपण रक्ततपासणीचे कागद वाचायला शिकलो. आज ते कागद बाजूला ठेवू आणि संधिवात असलेल्या माणसाचा दिवस पाहू, पहाटे अंथरुणातून उठण्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंतचा. हा दिवस मी मुद्दाम चारोटीचा निवडला आहे. या आजारावरचा बहुतेक सल्ला शहरातल्या घराला धरून लिहिलेला असतो : जिना टाळा, लिफ्ट वापरा, लांब दांड्याची तोटी बसवा. हातपंपावरून पाणी आणणाऱ्या आणि जमिनीवर बसून चूल पेटवणाऱ्या बाईच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. मग तिला वाटतं, आपल्यासाठी करण्यासारखं काही नाहीच. ते खरं नाही.

चारोटी म्हटलं की बाहेरच्यांना मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा नाका आठवतो. एक रस्ता डहाणूकडे वळतो, दुसरा कासा-जव्हारकडे, आणि ट्रकांची रांग दिवसरात्र सरकत असते. नाक्यापासून थोडं आत गेलं की भातखाचरं आणि पाडे लागतात. आषाढात इथे आवणी चालू असते. राबातली रोपं उपटायची, मुळांची माती झटकायची, जुड्या बांधायच्या, मग गुडघाभर चिखलात वाकून एकेक रोप लावायचं. या कामाला बोटांच्या मधल्या पेरांची आणि मनगटाची सगळी ताकद लागते, आणि आमवाताचा, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड म्हणतात त्या संधिवाताचा, पहिला घाला बहुधा तिथेच पडतो. शिवाय हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने जास्त होतो आणि बऱ्याचदा ऐन कामाच्या वयात, कधी बाळंतपणानंतरच्या महिन्यांत सुरू होतो. आवणीचा मोठा भार बायकांच्याच हातांवर असतो.

अशा बाईची सकाळ कशी असते? डोळे उघडतात, पण मूठ मिटत नाही. लुगड्याची गाठ बांधता येत नाही, तांब्या धरवत नाही. दाह असलेल्या सांध्यात रात्रभर हालचाल नसल्याने सूज साठते, आणि शरीरात दाह वाढवणारी द्रव्यंही पहाटेच्या सुमारास सर्वांत जास्त असतात. म्हणून आमवातातलं आखडलेपण तासभर, कधी त्याहून जास्त टिकतं. वयाने झिजलेला गुडघाही सकाळी आखडतो, पण तो सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. दोन आजारांतला हा फरक घरबसल्या ओळखता येतो आणि डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा.

इथेच घरात गैरसमजाला सुरुवात होते. सकाळी ‘हात वळत नाही’ म्हणून बसून राहिलेली सून संध्याकाळी चालतेबोलते, हसतेही, आणि सासूला वाटतं ही कामाच्या वेळेला सोंग करते. सोंग अजिबात नसतं. हा आजार दिवस चढेल तसा सैल होत जातो, ती त्याची रीतच आहे. पहाटेच्या मजुरीला ती वेळेवर पोचू शकत नाही, आणि दुपारी तीच बाई बऱ्यापैकी काम करू शकते. घरातल्या माणसांना एवढं एक कळलं, तरी तिच्या दुखण्यातला निम्मा अपमान जातो. मला या आजारातली सर्वांत क्रूर गोष्ट वेदनेपेक्षाही हा अविश्वास वाटतो.

किती घरांत असेल हा आजार? महाराष्ट्राजवळ या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आहे. १९९६ साली पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने भिगवण या गावाची घरोघर पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे सुमारे १८ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचा त्रास आढळला. आमवाताचं प्रमाण अर्धा टक्का होतं, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक. त्या हिशेबाने मोठ्या पाड्यावर असा एखादा माणूस असणारच.

आता ‘आनंदी राहा’ या सल्ल्याकडे येऊ. दुखणाऱ्याला हसत राहायला सांगणं सोपं असतं, पण त्याने दुखणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक काम चढतं. त्याऐवजी काय उपयोगी पडतं? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग या परिचारिका-संशोधिकेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. व्यायाम, विश्रांती, औषधं, सगळं शिकवलं. रुग्णांची वेदना कमी झाली, पण पुढे तपासल्यावर लक्षात आलं की कोणी किती व्यायाम केला यावरून त्या फरकाचा उलगडा पुरता होत नाही. १९८९ साली तिने आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. फरक जास्त पडला तो ‘या दुखण्याचं मी काहीतरी करू शकते’ असं ज्यांना वाटू लागलं त्यांच्यात. म्हणून त्या वर्गांत दर आठवड्याला प्रत्येकाने आपल्या मनाचं एक लहान काम ठरवायचं असतं, आणि ते पार पडेल याची दहापैकी किमान सात गुणांची खात्री हवी. खात्री कमी वाटली तर काम आणखी लहान करायचं.

ही रीत चारोटीत सहज रुजेल. वारली घरात लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने सवासिनी लिहितात, बांबूच्या काडीने. जवळच्याच गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याआधी आणि त्यानंतरही ही कला इथल्या बायकांच्या हातात होतीच. बोटं सुजलेल्या बाईला बारीक काडी धरवत नाही. त्या काडीला सुती चिंधी गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड केली की पकड सैल ठेवूनही रेघ ओढता येते. ‘या आठवड्यात दोन संध्याकाळी वीतभर चित्र काढीन’ हा दहात सात गुणांचा बेत झाला. ज्या कामात तिचा जीव आहे ते पहिलं निवडावं, भांडी नंतर.

पकड जाड करण्याची ही युक्ती घरभर चालते. विळा, पळी, बादलीची कडी, सगळ्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळता येते. बोटं जितकी घट्ट मिटावी लागतात तितका लहान सांध्यांवरचा ताण वाढतो, म्हणून जे बोटांनी उचलतो ते तळव्याने, आणि जे तळव्याने ते कवेत धरून उचलावं. सकाळी चुलीवर पाणी तापवून दहा मिनिटं हात त्यात बुडवावेत आणि पाण्यातच हळूहळू मूठ उघडमीट करावी. भरला हंडा एकदा आणण्यापेक्षा अर्धी कळशी दोनदा आणावी.

हंड्यावरून एक गंभीर गोष्ट. आमवात बरीच वर्षं अंगात असेल तर मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे बंध सैल पडू शकतात. अशा माणसाने डोक्यावर हंडा किंवा लाकडाची मोळी घेऊ नये. मान वाकवताच पाठीतून करंट गेल्यासारखं झालं, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काम थांबवून अंथरूण धरणं हाही उपाय नव्हे. सांधा हलता राहिला तर त्याभोवतीचे स्नायू टिकतात. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी त्याला विसावा द्यावा, बाकीच्या दिवशी हलकी हालचाल हवीच. दुखायला लागल्यावर थांबण्यापेक्षा त्याआधीच थांबून, थोडं बसून पुन्हा उठावं. राबातली रोपं दुपारी बसून उपटायचं काम तिच्याकडे आणि चिखलातलं वाकून लावायचं काम दुसऱ्याकडे, अशी वाटणी घरच्या शेतात तरी करता येते.

चारोटीजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आहे. चैत्र पौर्णिमेपासून तिथे जत्रा भरते. देवीचं मूळ ठाणं मुसळ्या डोंगरावर. एक गरोदर भक्तीण डोंगर चढताना घेरी येऊन पडली, तेव्हा तिला वर यायला लागू नये म्हणून देवी स्वतःच पायथ्याशी आली, अशी कथा इथे सांगतात. आजारी माणसाच्या घराने हीच रीत धरावी असं मला मनापासून वाटतं. चूल दोन हात उंच ओट्यावर यावी, पाण्याचा माठ कमरेच्या उंचीवर यावा, नवऱ्याने कपडे पिळून द्यावेत. पिळण्याने मनगटाचं जितकं नुकसान होतं तितकं घरातल्या फार थोड्या कामांनी होतं.

औषधांबद्दल मागे लिहिलं आहे, तरी एक गोष्ट पुन्हा. मेथोट्रेक्सेटची गोळी आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, जीवावरही बेततं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून गावच्या आठवडी बाजाराचा दिवसच गोळीचा दिवस ठरवावा. बाजार चुकत नाही, गोळीही चुकणार नाही. या गोळीबरोबर ताडी किंवा मोहाची दारू यकृताला महागात पडते. आणि मूल हवं असेल किंवा पाळी चुकली असेल तर ही गोळी पोटातल्या बाळाला घातक आहे, हे बाईला आणि तिच्या नवऱ्याला दोघांनाही ठाऊक हवं. बाजारात सांधेदुखीवर मिळणाऱ्या नावगाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहावं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. त्याने दोन दिवसांत बरं वाटतं आणि काही महिन्यांत हाडं, साखर, रक्तदाब सगळं बिघडतं.

प्रत्येक सांधेदुखी आमवाताची नसते, हे या भागात जास्तच लक्षात ठेवावं लागतं. पालघरच्या आदिवासी समाजात सिकलसेल आहे. तरुण पोराची हाडं अधूनमधून असह्य दुखत असतील, खुबा दुखून लंगडत असेल, तर आधी सिकलसेलची साधी तपासणी करून घ्यावी. चिकनगुनियाच्या तापानंतरही सांधे महिनोन् महिने धरतात.

सुरुवात जवळच्या कासा उपजिल्हा रुग्णालयातून करावी. तिथून पुढे पाठवलं, तर मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे आणि डहाणू रोडहून थेट लोकल मिळते. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. आजाराने हातापायांत कायमचं व्यंग आलं असेल तर अपंगत्वाचा दाखला मागायला संकोच करू नये.

मनाचं दुखणं वेगळं सांगायला हवं, कारण ते कोणी विचारत नाही. आमवातात थकवा आजारातूनच येतो, झोपून तो पुरता जात नाही. सतत रडू येणं, जेवण नको होणं, कशातच लक्ष न लागणं हे दोन आठवडे टिकलं तर त्यावरही उपचार आहेत. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आशाताई घरी येते तेव्हा तिच्याशी बोललं तरी चालेल. संध्याकाळी सांधे सैल असतात, त्या वेळी चार बायांत जाऊन बसावं. कापणीनंतर तारप्याचा फेर रात्रीच धरतात. ज्या दिवशी सूज नसेल त्या दिवशी चार पावलं फेरात टाकायला हरकत नाही, दमलं की बाजूला बसावं.

दिवाळीनंतर पाड्यावरची कितीतरी घरं वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, आणि उपचार बहुधा तिथे तुटतात. निघायच्या आधी रक्ततपासणी करून घ्यावी, पुरेशी औषधं मागून घ्यावीत, रुग्णालयाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सामानात ठेवावा. भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यात तोच कागद दाखवला की गोळ्या पुढे चालू राहू शकतात. विटा उचलण्याचं काम या हातांनी करू नये. मुकादमाशी बोलायचं असेल तर उचल घेण्यापूर्वी बोलावं, नंतर तो ऐकत नाही.

पुढच्या आठवड्यात गुडघे.