पोटातले जंतू आणि कॉम्प्युटरचा अभ्यास

गटाच्या बैठकीला आईबरोबर आलेल्या सायन्सच्या मुली आम्हाला विचारतात, ‘ताई, बायोलॉजी घेऊन नर्सिंगशिवाय काय करता येतं?’ त्यातल्या एका वाटेबद्दल आज बोलू. तिचं नाव बायोइन्फर्मॅटिक्स. नावाला घाबरू नका.

चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं, ते जंतूंचं काम. आपल्या आतड्यातही असे अब्जावधी जंतू राहतात. या वस्तीला मायक्रोबायोम म्हणतात. यातले बरेच जंतू प्रयोगशाळेत वाढवणं कठीण, म्हणून शौचाच्या नमुन्यातून त्यांचा डीएनए काढून वाचतात. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. जंतूंमध्ये ‘सोळा एस’ नावाचा साधारण 1500 अक्षरांचा एक जनुक असतो. आडनावावरून घराणं कळावं, तसं त्यावरून जंतूचं कूळ कळतं. एका नमुन्यातून अशा हजारो ओळी निघतात. त्या जुळवणं, मोजणं हाताने शक्य नाही. ते कॉम्प्युटरवर करायचं, हाच तो विषय.

आपल्या नंदुरबारला याचं काय? कुपोषण. बांगलादेशातल्या ढाक्याच्या मुलांवर 2014 साली छापलेल्या अभ्यासात दिसलं, की कुपोषित बाळाच्या पोटातली जंतूंची वस्ती वयाच्या मानाने कच्ची राहते, आणि उपचाराच्या आहाराने ती तात्पुरतीच सुधारते. मग कोणत्या अन्नाने हवे ते जंतू वाढतात, हे शोधलं गेलं. निघालं काय? हरभरा, सोयाबीन, शेंगदाण्याचं पीठ आणि कच्च्या केळ्याचा गर! सगळं आपल्या ओळखीचं. 2021 मध्ये छापलेल्या प्रयोगात या मिश्रणावरच्या मुलांचं वजन नेहमीच्या तयार आहारापेक्षा चांगलं वाढलं, तेही कमी उष्मांकांत. पण ऐकून घरी उपचार सुरू करू नका. त्यात जीवनसत्त्वंही मोजून घातलेली होती. बाळाचं वजन कमी असेल तर अंगणवाडीताईंकडे न्या.

आता सुरुवात. महागड्या सर्टिफिकेट क्लाससाठी गटातून कर्ज काढू नका. आधी मुलीने दोन-तीन महिने फुकटात करून बघावं. बारावीचा डीएनएचा धडा परत वाचावा, थोडं संख्याशास्त्र शिकावं. अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी संस्थेच्या साइटवर जंतूंचे मजकूर सगळ्यांना मोफत आहेत. तिथल्या ‘ब्लास्ट’मध्ये एक ओळ टाकली, की तिच्याशी जुळणाऱ्या ओळी समोर येतात. ‘गॅलक्सी’ही मोफत आहे आणि इंटरनेटवरच चालते, त्यामुळे साधा कॉम्प्युटर पुरतो. मोबाइलवर मात्र हा अभ्यास होत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांकडून रोजचा तासभर मागून घ्यावा. पायथन नंतर. इंग्रजी अडेल, पण शब्द तेच तेच येतात.

पुढे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात या विषयाची एम.एस्सी. आहे. या कामाची नोकरी म्हसावदला नाही, शहाद्यालाही नाही. मुलगी बाहेर जाणार, हे घरात आधीच बोलून घ्या. पुण्यात आदिवासी विकास विभागाची मुलींची वसतिगृहं आहेत. त्यासाठी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र बी.एस्सी. चालू असतानाच काढून ठेवा. ऐन वेळी त्यातच महिने जातात.