शाळेचं नवं ग्रंथालय: पैसे कुठे, किती आणि कधी

शाळेत ग्रंथालय काढायचं ठरलं की पहिली बैठक बहुधा कपाटांवरच होते. पत्र्याचं की काचेचं, किती, कोणाकडून. दुसरी बैठक उद्घाटनावर. पुस्तकांची यादी घाईघाईत शेवटच्या आठवड्यात होते आणि मुलांनी पुस्तकं घरी न्यायची की नाही, हा विषय पत्रिकेवर येतही नाही. मग दोन वर्षांनी त्याच कपाटांना कुलूप लागलेलं दिसतं, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते आणि पुस्तकं कोरी करकरीत.

म्हणून आराखडा उलट्या टोकाने करावा. मूल पुस्तक घरी नेणार आहे, हे आधी ठरवायचं आणि त्यासाठी काय लागेल याचा हिशेब मागे मागे करत जायचं. उदाहरणासाठी पहिली ते आठवीची, २४० मुलांची एक मराठी शाळा धरू. पुढचे दर अंदाजाचे आहेत. तुमच्या तालुक्याच्या बाजारात ते थोडे इकडेतिकडे होतील.

कायदा काय देतो

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालचा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं याची यादी आहे आणि तीत ग्रंथालयही आहे: वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं. गोष्टींचा उल्लेख तिथे स्वतंत्रपणे केलेला आहे. ‘अवांतर वाचनावर खर्च कशाला’ असं कुणी म्हणालं, तर हे पान दाखवावं.

खोली किती मोठी, पुस्तकं किती, हे मात्र कायदा सांगत नाही. सीबीएसई संलग्नतेच्या नियमांत १४ बाय ८ मीटरची खोली सांगितली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेने त्या मापाची वाट पाहत बसू नये. एक रिकामी वर्गखोली पुरते, आणि तीही नसेल तर रुंद व्हरांडा आणि रात्री आत ढकलता येतील अशा चाकांच्या दोन मांडण्या.

पैसा कुठून येतो

सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेला ५ हजारांपर्यंत, तर बारावीपर्यंतच्या मोठ्या शाळेला २० हजारांपर्यंत. नवं ग्रंथालय एवढ्यात उभं राहत नाही, पण चालू ग्रंथालयात दरवर्षी भर घालायला ही रक्कम नेमकी उपयोगाची आहे. उभारणीचा पैसा लोकसहभागातून येतो: माजी विद्यार्थी, ग्रामपंचायत, जवळच्या कारखान्याचा सीएसआर निधी. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीतले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे.

कारखान्याकडे जाताना ‘ग्रंथालयासाठी मदत करा’ एवढंच पत्र नेऊ नये. पहिल्या वर्षीचा खर्च, दुसऱ्या वर्षीचा, तिसऱ्या वर्षीचा अशी तीन रकान्यांची एक पानी मागणी न्यावी. देणाऱ्यालाही एकरकमी मोठ्या आकड्यापेक्षा तीन वर्षांत विभागलेला आकडा सोपा जातो, आणि शाळेचं भलं तर त्यातच आहे.

जुन्या पुस्तकांच्या दानाबद्दल जरा कडक राहावं लागतं. आवाहन केलं की लोक माळे रिकामे करतात. बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं, स्पर्धा परीक्षांचे जुने संच, पानं पिवळी पडलेल्या कादंबऱ्या. नाही म्हणता येत नाही आणि ठेवायला जागा लागते. त्यापेक्षा शाळेने हव्या असलेल्या पुस्तकांची किंमतीसकट यादी फळ्यावर लावावी आणि ‘यातलं एक घेऊन द्या’ असं सांगावं. वाढदिवसाला चॉकलेटं वाटण्याऐवजी एक पुस्तक देण्याची पद्धत अनेक शाळांत रुळली आहे. यादी लावली की तिला दिशा मिळते.

पुस्तकं किती लागतील

२४० मुलांनी आठवड्याला एकेक पुस्तक घरी नेलं, तर २४० पुस्तकं कायम बाहेर असतात. मांडणीवर त्याच्या दुप्पट तरी उरली पाहिजेत, नाहीतर शेवटच्या तुकडीला निवडायला काही राहत नाही. म्हणजे सुरुवात ७००–७५० पुस्तकांनी करावी. मुलांसाठीचं पुस्तक सरासरी १०० रुपयांना धरलं, तर ७५ हजार रुपये झाले.

पुस्तकांसाठी १ लाख १० हजार रुपये असतील, तर उरलेले ३५ हजार पहिल्या खरेदीत घालवू नयेत. तीन-चार महिन्यांत देवघेवीच्या नोंदवहीतून मुलांचा कल दिसतो. भुताच्या गोष्टी, कोडी, क्रिकेट, साप. मोठ्यांच्या यादीत यातलं फारसं नसतं. राखून ठेवलेला पैसा या मागणीसाठी असतो. मला विचाराल तर सगळ्या अंदाजपत्रकात हीच ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच ओळ ‘निधी पडून आहे’ म्हणून आधी कापली जाते. ती वाचवायची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातच ‘खरेदी दोन टप्प्यांत’ असं लिहून घ्यावं.

यादी कोणी करायची

पुरवठादाराने आणलेला ‘शालेय ग्रंथालय संच’ सोयीचा असतो. बिल एक, पावती एक, आणि सूट डोळे दिपवणारी. पण निम्म्याहून जास्त सूट ज्या गठ्ठ्यावर मिळते, त्यात बहुधा न खपलेला मालच असतो: तेच चरित्रकोश, तेच निबंध, तेच सुविचार. शाळांच्या माहितीच्या यूडायस नमुन्यात पुस्तकांची संख्या भरावी लागते. ती वाचली जातात का, हे त्या रकान्यात मावत नाही, म्हणून संख्या वाढवण्याचा मोह होतो.

यादी शिक्षकांनी बसून करावी. पहिली-दुसरीसाठी मोठी चित्रं आणि पानाला एक-दोन ओळी. इथे प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन यांच्याकडे स्वस्त आणि चांगलं साहित्य मिळतं. तिसरी ते पाचवीला छोट्या गोष्टी, कविता, प्राण्यांची माहिती. सहावीपुढे ‘फास्टर फेणे’ची मालिका, विज्ञानकथा, प्रवासवर्णनं आणि थोडी इंग्रजी, हिंदी पुस्तकं. आवडत्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती, बाकी सगळ्यांची एकच. पाठ्यपुस्तकं आणि व्यवसायमाला यात धरू नयेत. एक संपूर्ण मांडणी त्यांनीच भरते आणि आकडा उगाच फुगतो.

ज्या शाळेत मुलांची घरची भाषा मराठी नाही, तिथे यादी आणखी विचाराने करावी. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीबरोबर गोंडीतल्याही गोष्टी आहेत आणि मुक्त परवान्यामुळे त्या उतरवून छापता येतात. अशा छपाईसाठी पाचेक हजार बाजूला ठेवले तर बाजारात न मिळणारी पुस्तकं शाळेत येतात.

मासिकांना विसरू नये. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. दर महिन्याला काहीतरी नवं आलं की मुलं खोलीकडे वळतात. वर्गणी आणि दोन-चार बाल दिवाळी अंक मिळून ५ हजारांत भागतं.

दरपत्रकातली मेख

तीन दरपत्रकं मागवण्याची रीत पुस्तकांना नीट लागू पडत नाही. पुस्तकावर किंमत छापलेली असते, त्यामुळे तुलना फक्त सुटीची होते. आणि यादीत नुसतं ‘बालकथा, २०० नग’ लिहिलं असेल, तर सर्वांत जास्त सूट देणारा आपल्याकडच्या बालकथा पाठवणार. दरपत्रक मागवताना पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या लिहावी, आणि ‘यादीबाहेरचं पुस्तक स्वीकारलं जाणार नाही’ हे वाक्य घालावं.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. लोखंडी फर्निचरवर १८ टक्के आहे. ६,५०० रुपयांना सांगितलेली मांडणी बिलात ७,६७० होते. पाच मांडण्यांत हा फरक जवळजवळ ६ हजारांचा, म्हणजे साठ पुस्तकांचा.

खोली आणि मांडणी

दार असलेलं कपाट घेऊच नये. उघडी मांडणी, आणि लहान मुलांसाठी वरचा कप्पा चार फुटांवर नको. पातळ चित्रपुस्तकाला कणाच नसतो. उभं खोचलं की ते दिसेनासं होतं. त्यासाठी भिंतीवर दोऱ्या ताणून चिमट्यांनी पुस्तकं लावली किंवा मुखपृष्ठ दिसेल अशी उतरती फळी केली, तर काही शे रुपयांत काम होतं आणि पहिलीची मुलं थेट तिकडेच जातात.

पुस्तकं फार जड असतात, हे लक्षात ठेवून खोली तळमजल्यावर निवडावी. इमारतीच्या भाराबाबत भारतीय मानकात वर्गखोलीसाठी जेवढा भार धरतात, त्याच्या दुप्पट पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीसाठी धरलेला आहे. साडेसातशे पातळ पुस्तकांनी काही होत नाही, पण मांडण्या वाढत जातात.

मांडणी भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंती ओल धरतात, इतरत्र वाळवी भिंतीतूनच चढते. गळकं छप्पर असेल तर ते आधी. पुस्तकांच्या पैशातून रंगरंगोटी करू नये, पण गळती मात्र काढावी. बाकी एक पंखा, दोन दिवे, सतरंज्या. टेबल-खुर्च्या लागत नाहीत. जमिनीवर बसून वाचणारी मुलं जास्त मावतात.

हिशेब एका नजरेत

दोन लाखांचं अंदाजपत्रक असं मांडता येतं:

पुस्तकं, पहिला टप्पा: ७५,०००
पुस्तकं, दुसरा टप्पा: ३५,०००
मांडण्या, सतरंज्या: ४५,०००
गळती, वीज, पंखा: २०,०००
नोंदवह्या, लेबलं, चिकटपट्टी, कव्हरं: ८,०००
मासिकं: ५,०००
दुरुस्ती आणि हरवलेल्या पुस्तकांची भरपाई: १२,०००

दोन लाखांऐवजी पन्नास हजारच असतील तर प्रत्येक ओळीला सारखी कात्री लावू नये. मांडण्या गावच्या सुताराकडून, खोली आहे तशी आणि किमान ३५ हजार पुस्तकांना.

नोंदी: पाच रंग पुरेत

मोठ्या ग्रंथालयांत ड्युईची दशांश पद्धत चालते. १८७६ सालची ही पद्धत उत्तमच आहे, पण तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. मराठी शाळेतली बहुतेक गोष्टीची पुस्तकं याच आकड्याखाली येणार, मग त्या लेबलाने वेगळं काय कळणार? त्याऐवजी वाचनाच्या पायरीप्रमाणे चार रंगांच्या पट्ट्या लावाव्यात आणि माहितीपर पुस्तकांना पाचवा रंग. पुस्तक जागेवर ठेवणं तिसरीच्या मुलालाही जमतं.

दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, नाव, प्रकाशक, किंमत आणि बिलाचा संदर्भ. देवघेवीची वही वर्गवार. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली कोहा ही मोफत संगणक प्रणाली किंवा एनआयसीची ई-ग्रंथालय प्रणाली पुढे कधी लागली तर लागेल. हजार पुस्तकांना शंभर पानी वही पुरते, आणि ती वीज गेली तरी उघडते.

हरवलेली पुस्तकं कुणाच्या नावावर

कुलपाचं खरं कारण इथे आहे. पुस्तकं जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढली की ती प्रभारी शिक्षकाच्या ताब्यात येतात. बदलीच्या वेळी एकेक मोजून द्यावी लागतात आणि कमी भरली तर वसुलीची भीती. अशा वेळी पन्नास रुपयांची पुस्तिका पहिलीच्या मुलाच्या दप्तरात कोण टाकेल? इथे शिक्षकाला उदासीन म्हणणं अन्याय आहे.

यावर उपाय उद्घाटनाआधीच करावा. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करावा: वापरात दरवर्षी शंभरातली पाच पुस्तकं फाटतील, हरवतील हे गृहीत आहे, त्यासाठी १२ हजारांची तरतूद आहे आणि वर्षअखेरीस समिती स्वतः मोजणी करून निर्लेखनाची शिफारस करेल. निर्लेखनाचा अधिकार कोणत्या पातळीवर आहे आणि नमुना कोणता, हे केंद्रप्रमुखांना आधीच लेखी विचारून ठेवावं. मुलाकडून दंड घेऊ नये. दंडाच्या धास्तीने पालक ‘आणूच नकोस पुस्तक’ म्हणतात.

दुसरा न दिसणारा खर्च वेळेचा. मोठ्या माध्यमिक शाळेत विद्यार्थिसंख्येप्रमाणे ग्रंथपालाचं पद मिळू शकतं. प्राथमिक शाळेत ते काम एखाद्या बाईंवर किंवा सरांवर येतं, तेही सुट्टीत. प्रत्येक वर्गाला आठवड्यात एक ग्रंथालयाची तासिका वेळापत्रकात छापावी आणि त्या शिक्षकाचं दुसरं एखादं काम काढून घ्यावं. सातवी-आठवीची मुलं देवघेव सांभाळायला लवकर शिकतात.

वर्षाचं गणित

मार्चअखेर निधी आला की घाई होते. म्हणून यादी जानेवारीतच तयार ठेवावी. मार्चमध्ये खरेदी, एप्रिलमध्ये नोंदी आणि लेबलं, जूनमध्ये शाळा भरताच पहिल्या आठवड्यात देवघेव सुरू. १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो. तोवर चार महिन्यांच्या नोंदी हाती आलेल्या असतात. त्या दिवशी भाषणं थोडी आवरून मुलांकडूनच दुसऱ्या टप्प्याची यादी करून घ्यावी आणि दिवाळीच्या सुट्टीआधी ती पुरवठादाराकडे पोचवावी.